पेटीतली इंद्रजाल: प्रतवारी करून घ्यावी की नको?

सुपे, मोरगाव, बारामती, इंदापूर या पट्ट्यातून सध्या एकाच धाटणीच्या विचारणा येत आहेत. जुने घर पाडताना किंवा माळा आवरताना इंद्रजाल कॉमिक्सची, अमर चित्र कथेची, चांदोबाची थप्पी सापडते. पुण्यात नोकरीला असलेला भाचा मोबाइलवर दाखवतो की अमेरिकेत एक कॉमिक कोट्यवधी रुपयांना गेले. मग प्रश्न सुरू होतात. आमच्या अंकांना काय येईल? ते परदेशी पाठवून 'ग्रेडिंग' करून घ्यावे का? प्लॅस्टिकच्या डबीत बंद होऊन आले की भाव दहापट होतो म्हणतात, ते खरे का?

उत्तर आधीच सांगून टाकतो: बहुतेकांनी पाठवू नये. फार थोड्यांनी पाठवावे, आणि त्यांनीही घरी बसून प्रत तपासल्यावर, खर्चाचा हिशेब मांडल्यावर. तो हिशेब कसा मांडायचा आणि पाठवायचे नसेल तर काय करायचे, ते खाली दिले आहे.

आधी अंक ओळखा, मग भाव विचारा

"घरात जुनी कॉमिक्स आहेत, काय येतील?" एवढ्यावर मिळणारे उत्तर हे रद्दीचेच उत्तर असते. हातात काय आहे ते नेमके सांगता आले पाहिजे.

- इंद्रजाल कॉमिक्स. टाइम्स ऑफ इंडिया समूहाची ही मालिका मार्च १९६४मध्ये ली फॉक यांच्या वेताळाच्या कथेने सुरू झाली आणि १९९०मध्ये बंद पडली. पहिले ३२ अंक निव्वळ वेताळाचे. पुढे मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी, बझ सॉयर आले आणि १९७६मध्ये आबिद सुरती यांचा बहादूर आला. संग्राहकांची खरी धाव असते ती साठच्या दशकातल्या अंकांकडे. ऐंशीच्या दशकात मालिका साप्ताहिक झाली, तेव्हाचे अंक भरपूर उरले आहेत. तुमच्या थप्पीत बहुधा हेच जास्त असतील. गोविंद ब्राह्मणिया यांची मुखपृष्ठे तेवढी जमवणारेही काही जण आहेत, त्यामुळे मुखपृष्ठावरची सही पाहून ठेवा.
- अमर चित्र कथा. अनंत पै यांनी १९६७मध्ये इंडिया बुक हाऊसतर्फे सुरू केलेली मालिका. इथे फसगत होते ती पुनर्मुद्रणांमुळे. लोकप्रिय पुस्तके वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा छापली गेली आणि नंतरच्या आवृत्त्यांना ५०१पासून पुढचे नवे क्रमांक मिळाले. 'कृष्ण' मुळात ११व्या क्रमांकाचे आहे; तुमच्याकडच्या प्रतीवर ५०१ असेल तर ती नंतरची आहे. छापील किंमत, प्रकाशकाचा पत्ता आणि मलपृष्ठावरची पुस्तकांची यादी यांवरूनही मुद्रण कधीचे ते कळते. यादीत पुढच्या काळातली पुस्तके असतील, तर तुमची प्रत त्या काळात छापलेली.
- चांदोबा. हे कॉमिक नव्हे, मासिक. मराठी चांदोबा एप्रिल १९५२मध्ये सुरू झाला. सुटा अंक फारसा काही मिळवून देत नाही. सलग वर्षाचा, पाने न गळालेला संच असेल तर मात्र लोक विचारतात.
- किशोर. बालभारतीचे हे मासिक १९७१पासूनचे. जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतात, त्यामुळे निव्वळ वाचनासाठी विकत घेणारे गिऱ्हाईक आता फारसे उरलेले नाही.

एक बारीक सूचना. "वेताळाची जुनी पुस्तके आहेत" असे लिहून चौकशी करू नका. समोरच्याला इंद्रजालचा मुखवटेवाला वेताळ कळतो की चांदोबातला विक्रमाच्या खांद्यावरचा, याचा भरवसा नाही. मालिकेचे नाव, अंकाचा क्रमांक, महिना, वर्ष, भाषा आणि छापील किंमत एवढे वहीत लिहून काढा. नंतरच्या इंद्रजाल अंकांवर सलग क्रमांकाऐवजी वर्ष आणि अंक अशी नोंद दिसते. ती जशी आहे तशी उतरवा.

भाषेचाही भावावर परिणाम होतो. एकाच कथेचा इंग्रजी अंक देशभर आणि देशाबाहेरही विकता येतो. मराठी अंकाला गिऱ्हाईक मराठीच. मराठी प्रती कमी उरल्या असतील, पण त्या शोधणारेही कमी आहेत. नुसते दुर्मिळ असून भागत नाही, मागणीही लागते.

प्रतवारी म्हणजे नेमके काय मिळते

अमेरिकेत २००० साली सीजीसी ही कंपनी सुरू झाली. त्रयस्थ म्हणून कॉमिक तपासणारी ही सर्वांत जुनी आणि बाजारात सर्वांत जास्त मानली जाणारी संस्था. सीबीसीएस ही दुसरी कंपनी २०१४मधली. तुम्ही अंक पाठवता, ते पाने मोजतात, कुठे चिकटवले-रंगवले-कापले आहे का ते पाहतात, ०.५ ते १०.० या पट्टीवर गुण देतात आणि अंक कडक पारदर्शक डबीत कायमचा बंद करून परत पाठवतात. डबीवरच्या लेबलावर गुण, पानांचा रंग आणि एक क्रमांक असतो. तो क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर पडताळता येतो.

पट्टी ढोबळमानाने अशी वाचा:

- ९.८ ते ९.२: स्टॉलवरून आणून न वाचता ठेवल्यासारखा. आपल्याकडच्या घरांत असा अंक सापडणे जवळजवळ अशक्य.
- ८.० च्या आसपास: एकदोनदा जपून वाचलेला, कण्यावर बारीक रेघा.
- ६.०: वाचलेला, पण चमक टिकलेली, लहानसहान दुमडी.
- ४.०: भरपूर वाचलेला, कोपरे झिजलेले, तरी सगळा जागच्या जागी.
- २.०: फाटका-मळका, पण पाने पूर्ण.
- १.० आणि खाली: मुखपृष्ठ सुटलेले, तुकडा गेलेला, पान गायब.

लेबलाचा रंगही पाहा. निळे लेबल म्हणजे साधी, छेडछाड न केलेली प्रत. जांभळे म्हणजे दुरुस्ती, रंग भरणे वगैरे केलेली. हिरवे म्हणजे एखादा मोठा दोष बाजूला ठेवून गुण दिलेले. पिवळे लेबल कंपनीच्या माणसासमोर झालेल्या सहीसाठी. जांभळ्या लेबलावरचा ८.० आणि निळ्यावरचा ८.० यांच्या भावात मोठे अंतर असते. विकणारा फोटोत फक्त आकडा दाखवत असेल तर पूर्ण लेबलाचा फोटो मागा.

कंपनी किंमत सांगत नाही, गिऱ्हाईकही आणून देत नाही. इंदापूर भागातल्या डाळिंबवाल्यांना हे वेगळे सांगायला नको: प्रतवारी कितीही चोख केली, तरी त्या दिवशी बाजारात घेणारा नसेल तर पेटी तशीच पडून राहते.

आकड्याने भाव किती हलतो

ज्या बातम्यांनी हे सगळे सुरू होते, त्या एकदा नीट वाचू. सुपरमॅन पहिल्यांदा आला तो अॅक्शन कॉमिक्सचा पहिला अंक जून १९३८चा, किंमत १० सेंट. त्याची ९.० गुणांची प्रत २०१४मध्ये ३२ लाख डॉलरला गेली. एप्रिल २०२४मध्ये त्याच अंकाची ८.५ गुणांची, म्हणजे आधीच्यापेक्षा उणी, प्रत ६० लाख डॉलरला गेली. गुण कमी, भाव जवळपास दुप्पट. मधल्या १० वर्षांत बाजार वाढला होता. स्पायडरमॅनचा पहिला अंक, अमेझिंग फँटसी क्रमांक १५, ऑगस्ट १९६२चा, त्याची ९.६ गुणांची प्रत २०२१मध्ये ३६ लाख डॉलरला विकली गेली. त्याच अंकाच्या जीर्ण प्रती याच्या एका बारीक अंशाला मिळतात.

यातून दोन गोष्टी घ्या. मूळ अंकच जगभर हवा असेल तरच गुणांनी भाव चढतो. ज्या अंकाला २०० रुपये मिळतात, त्याला ८.० गुण पडले म्हणून २०,००० कोणी देत नाही. दुसरी गोष्ट: मोठी झेप पट्टीच्या वरच्या टोकाला असते. ९.४ आणि ९.८ यांत भाव कित्येक पटींनी बदलू शकतो, ३.० आणि ४.० यांत फारसा नाही. आपल्या घरांतले अंक बहुतेक खालच्या अर्ध्यातच असतात, कारण ते वाचले गेले आहेत. भावंडांनी, शेजाऱ्यांनी, भाड्याने कॉमिक देणाऱ्या दुकानाच्या गिऱ्हाइकांनी. त्यात वाईट काही नाही, पण त्याला ९.८ पडत नाहीत.

कंपनी आपल्याकडे आलेल्या प्रतींची नोंदही ठेवते: कोणत्या अंकाच्या कोणत्या गुणाच्या किती प्रती आल्या. विक्रेते याचा उपयोग "नोंदीतली सर्वोत्तम प्रत" असे सांगून भाव वाढवायला करतात. मराठी अंकाबाबत कोणी असे म्हणाला तर एकच विचारा, नोंदीत एकूण प्रती किती? एकट्याच धावणाऱ्याचा पहिला नंबर ठरलेला असतो.

घरच्या घरी प्रत ठरवा

या कामाला पैसे लागत नाहीत, आणि पुढचा प्रत्येक निर्णय यावर अवलंबून आहे. हात धुऊन पूर्ण कोरडे करा, टेबलावर पांढरी चादर अंथरा, खिडकीतला उजेड बाजूने येऊ द्या.

1. आधी काही साफ करू नका. धूळ मऊ कोरड्या ब्रशने हलकेच झटका, बस्स.
2. पाने मोजा. मधले पान उघडा, पिना दिसतील. दोन्ही बाजूंना पानांची संख्या सारखीच असली पाहिजे. एका बाजूला एक कमी म्हणजे पान गेले. मधली जोडी अख्खी निघून गेली असेल तर संख्या सारखीच दिसते. म्हणून कथा वाचून पाहा, पृष्ठक्रमांक सलग आहेत का तेही बघा.
3. कापलेले शोधा. कूपन, कोडे, जाहिरात, चित्र. मुलांनी कात्री चालवलेली असते आणि मुखपृष्ठावरून ते कळत नाही. एक चौकोन गेला की गुण थेट तळाला.
4. पिना पाहा. गंजल्या आहेत का, गंजाने कागद खाल्ला आहे का, मुखपृष्ठ पिनेपासून सुटले आहे का.
5. कणा उजेडात तिरपा धरा. दुमडीवर रंग उडून पांढरी रेघ आली असेल तर तो मोठा दोष. रंग न मोडलेली नुसती वाक सौम्य.
6. कागदाचा रंग आणि ताकद. पांढरट, सायीसारखा, तपकिरी की ठिसूळ? कोपरा दुमडून परीक्षा घेऊ नका. ठिसूळ असेल तर तुटेल. पान उलटताना कडेचे कण चादरीवर पडतात का ते पाहा.
7. शिक्के, नावे, चिकटपट्ट्या. वाचनालयाचा शिक्का, पहिल्या पानावर निळ्या शाईतले नाव व इयत्ता, कण्यावर सेलोटेप. सगळे लिहून ठेवा.

शेवटी वरची पट्टी बघून गुण द्या आणि त्यातून एक वजा करा. आपला माल सगळ्यांनाच चांगला दिसतो.

बांधीव खंड असेल तर

आपल्याकडे हा प्रकार सर्रास सापडतो. दहा-पंधरा अंक एकत्र शिवून, पुठ्ठा-कापड लावून, तिन्ही कडा यंत्रावर समान कापून केलेला खंड. वडिलांनी हौसेने करून घेतलेला असतो आणि खरे सांगायचे तर त्यामुळेच ते अंक आजवर टिकले. पण प्रतवारीच्या दृष्टीने कडा कापल्या की तो अंक मूळ आकाराचा राहिला नाही, आणि शिवणीच्या भोकांचाही दोष धरला जातो. असे अंक परदेशी पाठवण्यात अर्थ नाही.

खंड उसवू नका. उसवताना कणा फाटतो, आणि सुटे झालेले अंक खंडापेक्षाही कमी भावात जातात. खंड म्हणूनच विका; वाचण्यासाठी घेणारे लोक खंडच पसंत करतात. फक्त मूळ मुखपृष्ठे आत आहेत का ते पाहून वर्णनात लिहा. काही बाइंडर ती काढून टाकत.

हिशेब मांडा

पाठवण्याचा खर्च म्हणजे फक्त कंपनीचे शुल्क नव्हे. त्यात धरा:

- प्रति अंक शुल्क. स्वस्तातल्या श्रेणीतही ते दहा डॉलरच्या काही पटींत असते; महागड्या अंकांसाठी किमतीवर टक्केवारीने वाढते. सभासदत्व वेगळे.
- विम्यासह जाण्याचे आणि येण्याचे पार्सल.
- परत येताना सीमाशुल्काचा प्रश्न. तुमचीच वस्तू तपासून परत आली आहे हे दाखवणारी जाताना केलेली कागदपत्रे नसतील, तर ती नवी खरेदी समजली जाऊ शकते.
- दाब देऊन सुरकुत्या काढण्याची सेवा घेतलीत तर तिचे पैसे.
- वेळ. कित्येक आठवडे, कधी महिने.

समजा एका अंकामागे हा सगळा खर्च ८,००० रुपये आला आणि तो अंक डबीशिवाय ३,०००ला जातो आहे. खर्च निघायलाच डबीतल्या अंकाला ११,००० मिळायला हवेत, आणि ते मिळतील याची हमी कोणी देत नाही. मी वापरतो तो नियम असा: डबीशिवायची खरी विक्री किंमत एकूण खर्चाच्या तिप्पट नसेल, तर पाठवायचे नाही. "खरी विक्री किंमत" म्हणजे कोणी मागितलेली नव्हे, कोणी मोजलेली. विक्रीच्या संकेतस्थळांवर विकल्या गेलेल्या वस्तू वेगळ्या काढून पाहता येतात, तेवढ्याच बघा. ५०,०००ला लावलेला आणि तिथेच पडून असलेला अंक काहीही सिद्ध करत नाही.

या नियमात साधारण काय बसते? इंद्रजालचे अगदी पहिले अंक, पाने पूर्ण, कडा न कापलेल्या आणि प्रत निदान ५.० किंवा ६.०ची. नातेवाइकांनी परदेशातून आणलेली साठ-सत्तरच्या दशकातली मूळ अमेरिकी कॉमिक्सही बसू शकतात. ती घरात असतील तर आधी तीच पाहा, कारण त्यांना जगभर गिऱ्हाईक आहे. ऐंशीच्या दशकातले मराठी साप्ताहिक अंक बसत नाहीत.

पाठवायचेच ठरले तर

- कंपनीला आधी लिहा आणि तुमच्या मालिकेचा, भाषेचा अंक ते घेतात का, लेबलावर नाव कसे येईल, हे लेखी विचारा.
- सगळे एकदम पाठवू नका. सर्वांत चांगला एक पाठवून पाहा. किंवा जाणाऱ्या-येणाऱ्या नातेवाइकाबरोबर द्या. परदेशात राहणारे मराठी कुटुंब ओळखीचे असेल तर हा मार्ग सर्वांत स्वस्त पडतो.
- प्रत्येक पानाचे फोटो तारखेसह ठेवा.
- ऑगस्ट २०२५पासून अमेरिकेने कमी किमतीच्या पार्सलांना असलेली शुल्कमाफी बंद केली आणि त्या वेळी आपली टपाल सेवाही काही काळ खोळंबली होती. निघण्याच्या आठवड्यात नियम पुन्हा विचारून घ्या.
- फार जुने काही असेल तर थांबा. १९७२च्या पुरावशेष कायद्यात साहित्यिक किंवा ऐतिहासिक मोलाच्या दस्तऐवजांसाठी ७५ वर्षांची मर्यादा आहे आणि पुरावशेष देशाबाहेर नेता येत नाहीत. इंद्रजालला ही अडचण नाही. पण त्याच पेटीत आजोबांच्या काळातले सचित्र ग्रंथ, पोथ्या, कागद असतील तर त्यांना कॉमिक्सबरोबर पार्सलमध्ये घालू नका. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून वस्तू पुरावशेष नसल्याचा दाखला घेता येतो.

न पाठवता विकायचे तर

संच म्हणून विका. सलग क्रमांकांचे, एकाच नायकाचे किंवा एकाच वर्षाचे अंक एकत्र ठेवले तर निवडक चार घेऊन बाकीचे तुमच्याच गळ्यात राहत नाहीत. संग्राहकांचे व्हॉट्सअॅप आणि फेसबुक गट आहेत, पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात जुन्या पुस्तकांचे विक्रेते आहेत. विक्रेता पुढे विकणार असल्याने तो संग्राहकापेक्षा कमीच देणार. त्यात फसवणूक नाही, त्याचा धंदा आहे. निदान दोघांकडे विचारा आणि पहिल्या भेटीत माल ठेवून येऊ नका.

वर्णनात दोष आधी लिहा. "मधले पान सुटे, पृष्ठ १९वरचे कूपन कापलेले, पहिल्या पानावर नाव" असे लिहिणाऱ्याकडून लोक पुन्हा घेतात. वाद होतो तो न लिहिलेल्या दोषावरून.

विकण्याआधी घरात विचारा. वडिलांच्या पेटीतली वस्तू ही सगळ्या भावंडांची असते, बहिणींचीसुद्धा. दोन हजार रुपयांच्या कॉमिक्सवरून आत्या दिवाळीला येईनाशी झाल्याची उदाहरणे आहेत.

विकायचे नसेल आणि सांभाळणेही होत नसेल, तर पुणे मराठी ग्रंथालय किंवा मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय अशा जुन्या संस्थांकडे यादी पाठवून विचारा. त्यांच्याकडे नसलेले अंक असतील तर ते घेऊ शकतात. न विचारता पोते नेऊन टाकू नका.

इथे फसू नका

- "तुमचे कॉमिक ६० लाखांना घेतो, आधी नोंदणी शुल्क भरा." जुन्या नाण्या-नोटांच्या नावाने हा प्रकार इतका चालला की रिझर्व्ह बँकेला इशारे द्यावे लागले. आता तोच मजकूर कॉमिक्सला लावला जातो. घेणारा पैसे देतो, मागत नाही.
- पैसे मिळवण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करा, पिन टाका. यूपीआयवर पैसे यायला पिन लागत नाही. पिन मागितला की फोन ठेवा.
- स्थानिक "प्रमाणपत्र". शिक्का मारलेला कागद आणि लॅमिनेट केलेला अंक. अशा कागदाला बाजारात किंमत नाही, आणि लॅमिनेशनने अंक कायमचा गेला.
- रंगीत झेरॉक्स. मूळ अंक म्हणून विकल्या जाणाऱ्या छापील नकला. जुन्या छपाईत भिंगाखाली रंगांचे सुटे ठिपके दिसतात आणि कागद वर्तमानपत्रासारखा असतो. नव्या गुळगुळीत पांढऱ्या कागदावर १९६५चा अंक असू शकत नाही.
- डबीवर आंधळा विश्वास. २०२३च्या अखेरीस असे उघड झाले की एका विक्रेत्याने चांगल्या गुणांच्या लेबलाखाली हलक्या प्रती घातल्या होत्या. सीजीसीला शंकास्पद क्रमांकांची लांबलचक यादी जाहीर करावी लागली. महाग डबी घेताना क्रमांक पडताळा आणि संकेतस्थळावर फोटो असेल तर हातातल्या प्रतीशी ताडून पाहा.
- घरगुती दुरुस्ती. इस्त्री फिरवणे, उन्हात वाळवणे, खोडरबर, स्केचपेनने रंग भरणे, सेलोटेप. यातल्या प्रत्येकाने भाव उतरतो.

तुमचे हक्क

विक्रीच्या संकेतस्थळावरून घेतलेला अंक वर्णनाप्रमाणे नसेल तर तो परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. २०२०च्या ई-वाणिज्य नियमांत तशी तरतूद आहे. संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचे असते. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनी १९१५. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग, आणि २०१९च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करू शकता. विक्रेता कोलकात्याचा असला तरी सुप्याच्या माणसाला पुण्यातच दाद मागता येते. मुदत दोन वर्षे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.

मात्र एखाद्या खासगी माणसाने पेटीतले अंक एकदाच विकले, तर तो व्यापारी नसतो आणि ग्राहक कायदा तिथे पोचेलच असे नाही. म्हणून अशा व्यवहारात पैसे देण्याआधी अंक पाहा. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर मदतवाहिनीला फोन करा. जितक्या लवकर फोन, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

स्वतःचा छापील अंक विकायला कोणाची परवानगी लागत नाही. तो स्कॅन करून फाइली विकणे मात्र स्वामित्वहक्काचा भंग आहे, अंक कितीही जुना वाटला तरी.

ठेवायचे ठरवले तर

सुप्याचा जिरायती भाग या बाबतीत नशीबवान आहे. कोकणात किंवा मुंबईत ओलसर हवेने कागदाला बुरशी धरते, पिना गंजतात. इथली कोरडी हवा कागदाला मानवते. इथले शत्रू वेगळे: पत्र्याखालचा उन्हाळा, धूळ, वाळवी, कसर आणि उंदीर. पत्र्याच्या खोलीतला माळा ही सर्वांत वाईट जागा. उष्णतेने स्वस्त छपाईचा कागद झपाट्याने तपकिरी होऊन ठिसूळ होतो. स्लॅबच्या घरात, आतल्या भिंतीच्या कपाटात, जमिनीपासून वर ठेवा.

प्रत्येक अंक पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत, मागे आम्लरहित पुठ्ठा, आणि अंक उभे. साडीच्या पिशव्या आणि पीव्हीसी प्लॅस्टिक नको, ते कागदाला चिकटते. डांबराच्या गोळ्या अंकाला टेकवू नका. पोथ्यांसाठी वापरतात तशी वेखंडाची पुरचुंडी कपाटाच्या कोपऱ्यात चालेल. वर्षातून दोनदा उघडून पाहा, त्यातली एक वेळ पावसाळा संपल्यावर.

आणि पार्सल मागवताना किंवा पाठवताना पत्त्यात नुसते "सुपे" लिहू नका. पारनेर तालुक्यातही सुपे आहे, एमआयडीसीचे, आणि कुरिअरवाल्यांना तेच आधी आठवते. "तालुका बारामती, जिल्हा पुणे" आणि पिनकोड ठळक अक्षरांत लिहा, मोबाइल क्रमांक पाकिटाच्या दोन्ही बाजूंना टाका आणि पार्सल हातात आल्यावर ते फोडतानाचा व्हिडिओ करा. तक्रारीत सर्वांत आधी तोच मागतात.